वस्त्रगाळ बीअर

आन्फिनच्या घरची बीअर प्यायला जाताना शेजारचा ओद्दवार खिशात कंगवा घेऊन जायचा. त्याच्या मिशा दाट होत्या आणि आन्फिनच्या बीअरमध्ये हॉप नावाच्या वेलाच्या कडू फुलांचा पाला इतका असायचा, की दोन घोट झाले की मिशांचं कुंपण होऊन जाई. मग ओद्दवार तिथेच बाकावर बसून मिशा विंचरायचा. बाकीचे दातांत जीभ फिरवत बसायचे.

"आन्फिन, बीअर छान झालीय रे," ओद्दवार म्हणायचा. "पण सोबत काटा-सुरी ठेवत जा."

आन्फिनला ह्याचं काही वाटत नसे. त्याच्या मते खरी बीअर अशीच असते. आरपार दिसणारी बीअर शहरातल्या लोकांनी प्यावी, कारण त्यांना दात नसतात. शिवाय त्याच्याकडे आजोबांचं गाळणं होतं. ते मुळात गाळणं नव्हतंच, धान्य चाळायची जुनी चाळण होती, आणि तिच्या भोकांतून वाटाणासुद्धा अंग न चोरता खाली उतरला असता. पण आजोबांनी त्यातून गाळलं, बापानं गाळलं, म्हणून आन्फिनही त्यातूनच गाळायचा.

त्याची बायको गुनवोर हे तेवीस वर्षं बघत आली होती. त्या घरात गाळायचं बाकी सगळं तीच गाळत असे. सकाळ-संध्याकाळ सहा गाईंचं दूध, बकरीच्या चीजचं पाणी, जांभळाइतक्या काळ्या बेरींचा रस, कॉफी. तिनं गाळलेल्या दुधात केस सापडला असं डेअरीच्या माणसानं कधी म्हटलं नव्हतं. पण बीअरच्या हंड्याजवळ ती गेली की आन्फिन म्हणायचा, "अगं, तू लाकडं आण." मग ती लाकडं आणायची. तिला वाद घालायची फारशी हौस नव्हती. तोंडातला पाला ती हळूच रुमालात काढायची.

त्या वर्षी सप्टेंबरअखेर आन्फिन गोठ्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर चढलेल्या वेलाची हॉपची फुलं तोडायला शिडीवर चढला. सगळी तोडून झाली होती. अगदी टोकाला एक झुबका राहिला होता. गुनवोर खालून म्हणाली, "राहू दे तो, पक्ष्यांना." आन्फिन म्हणाला, "पक्षी काय बीअर करतात?" आणि शिडीसकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, पलीकडे होडीनं दवाखान्यात नेईपर्यंत तो झुबका त्याच्या मुठीत होता. डॉक्टरांनीच शेवटी बोटं उघडून तो काढला. नाताळापर्यंत अंथरूण सोडायचं नाही, असं सांगून त्यांनी त्याला घरी पाठवलं.

आता नाताळची बीअर कोण करणार? त्या खोऱ्यात नाताळला घरची बीअर नसणं म्हणजे घराला छप्पर नसण्यासारखंच. ओद्दवार म्हणाला, "मी येतो करायला." आन्फिनला ते मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओद्दवारच्या हातची बीअर ह्या घरात? त्यानं दोन दिवस छताकडे बघत विचार केला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "गुनवोर, तू कर. मी इथून सांगतो."

त्याचा पलंग बैठकीच्या खोलीत खिडकीशी आणला होता. खिडकीतून अंगण आणि अंगणापलीकडची भट्टीची खोपी समोर दिसायची. त्यानं हातात काठी घेतली आणि नियम सांगितले. काचेवर एकदा ठोकलं की लाकूड घाल, दोनदा ठोकलं की ढवळ, तीनदा ठोकलं की इकडे ये.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुनवोरनं पहाटे हंडा चढवला. जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या फांद्या घालून पाणी उकळलं, मोड आणून वाळवलेल्या सातूवर ते ओतलं, गोड काढा निघाला तो पुन्हा हंड्यात घेतला, त्यात हॉपची फुलं टाकली आणि दुपारपर्यंत उकळत ठेवला. आन्फिन सतत ठोकत होता. आठव्या-नवव्या ठोक्यानंतर गुनवोरनं मोजणं सोडून दिलं. तिनं खोपीच्या दारातून एकदा हात हलवला, की त्याला वाटायचं आपलं ऐकलं. तो समाधानानं पाठ टेकायचा आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायचा.

मग गाळायची वेळ आली. दीडशे लिटर काढा, वर तरंगणारा हिरवट पाल्याचा हा थर. गुनवोरनं आधी आजोबांची चाळण लावून एक डोई, म्हणजे लांब दांड्याची लाकडी पळी, भरून ओतून पाहिली. जेवढा पाला वरून पडला तेवढा खालून निघाला. चाळण तिनं शांतपणे भिंतीला टेकवून ठेवली. मग दूध गाळायची कापडी चकती लावली. ती पहिल्या डोईतच गच्च तुंबली, आणि काढा उलटा तिच्या बाहीत शिरला. चीज निथळायचं फडकं आणलं, पण नाकाशी नेल्याबरोबर परत ठेवून दिलं. बकरीचा वास लागलेली बीअर ओद्दवारनं वर्षभर गावाला ऐकवली असती.

काचेवर तीन ठोके पडले. गुनवोर अंगण ओलांडून खिडकीशी गेली.

"काय झालं? का थांबलीस?" आन्फिन आतून ओरडला.

"गाळतेय."

"आजोबांचं गाळणं घे!"

"ते गाळणं नाहीये, आन्फिन. ती खिडकी आहे."

"मग माझा लोकरीचा मोजा घे! स्वच्छ आहे, परवाच घातलाय!"

गुनवोर उत्तर देणार होती, पण तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून घसरून बाजूच्या पडद्यावर गेली. पांढरा, बारीक विणीचा, जाळीदार, भरपूर रुंद. आन्फिनची बहीण सिग्ने हिनं बर्गन शहरातून पाठवलेला. गुनवोरनं तो डोळे बारीक करून नीट पाहिला. मग ती घरात आली, पायातले बूट काढले, स्टुलावर चढली आणि पडदा काढायला लागली.

"अगं, हे काय करतेस?"

गुनवोरनं दुसरं टोकही सोडवलं.

"अगं, तो सिग्नेचा पडदा आहे! सिग्ने परवा येतेय! अगं, रस्त्यावरून मी दिसेन ना, आतल्या लांब चड्डीत!"

"पांघरूण घे," गुनवोर म्हणाली आणि पडदा काखेत मारून गेली.

तिनं तो आधी दोनदा उकळला. मग मोठ्या लाकडी पिंपाच्या तोंडावर ताणून दोरीनं बांधला आणि वर जुनिपरच्या काड्या आडव्या-उभ्या पसरल्या, म्हणजे पाला पडद्यावर थापून बसू नये. आणि एकेक डोई ओतायला लागली. घाई नाही, हलवणं नाही. पाला काड्यांवर अडकला, चुरा पडद्यावर राहिला, आणि खाली बारीक सोनेरी धार पडू लागली. पुन्हा काठी वाजली. ह्या खेपेला गुनवोरनं हातसुद्धा हलवला नाही.

काढा नुकत्या काढलेल्या दुधाइतका कोमट झाला तेव्हा तिनं त्यात मागच्या वेळचं खमीर घातलं. खमीर घालताना जोरात आरोळी ठोकायची असते, नाहीतर बीअर मिळमिळीत होते. गुनवोरनं आयुष्यात कधी आरोळी ठोकली नव्हती. तिनं खिडकीकडे बघून मान डोलावली. आन्फिननं खिडकी सताड उघडली आणि दिवसभराचा सगळा राग घशात गोळा करून अशी आरोळी दिली, की मेंढ्या कुंपणाकडे पळाल्या आणि ओद्दवार बर्फावरची घसरगाडी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, दुसरा पायही मोडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बीअर पिंपातून काढायची होती. त्या दिवशी शेजारीपाजारी चव घ्यायला येतात, त्यांना बोलवावं लागत नाही. बैठकीत आन्फिनच्या पलंगाभोवती आठ-दहा जण जमले. सिग्नेही बर्गनहून आली होती. गुनवोरनं लाकडी वाडगा भरून आधी ओद्दवारच्या हातात दिला.

ओद्दवारनं कंगवा काढून गुडघ्यावर ठेवला. मग वाडग्यात पाहिलं. पुन्हा पाहिलं. वाडग्याच्या तळाशी कोरलेलं फूल बीअरमधून स्वच्छ दिसत होतं. तीस वर्षं तो त्याच वाडग्यातून पीत होता, पण तळाशी फूल आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं घोट घेतला, मिशांवरून बोट फिरवलं. बोटाला पाला लागलाच नाही.

"ही कुठल्या दुकानातून आणली?" तो म्हणाला.

"दुकानातून?" आन्फिन पलंगावर उठून बसला. "माझ्या घरात दुकानातली बीअर?"

"मग पाला कुठाय?"

आता आन्फिनची पंचाईत झाली. बीअर घरची म्हणावी तर बायकोनं ती आपल्यापेक्षा चांगली केली हे कबूल करावं लागणार, आणि वाईट म्हणावी तर ओद्दवार दुसरा वाडगा भरून घेत होता. आन्फिननं स्वतः घोट घेतला. तोंडात फिरवला. सवयीनं दातांनी चावायला गेला, तर चावायला काही नव्हतं.

"पोकळ लागतेय," तो म्हणाला. मग उरलेला वाडगा एका दमात संपवून म्हणाला, "अजून थोडी दे. नीट कळलं नाही."

तेवढ्यात सिग्नेनं विचारलं, "इथला पडदा कुठे गेला गं?"

"धुवायला काढलाय," गुनवोर म्हणाली.

पण पडदा नसल्यामुळे अंगणातली दोरी सगळ्यांना समोरच दिसत होती, आणि दोरीवर पडदा. मधोमध पिंपाच्या तोंडाएवढा हिरवट तपकिरी गोल, कडांना अजून पांढरा. आन्फिननं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. सिग्ने बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिली, मग हातातल्या वाडग्याकडे. मग तिनं तो सावकाश रिकामा केला.

"गुनवोर," ती म्हणाली, "पुढच्या वेळी त्याहून रुंद पाठवते. तुला दोन पिंपं एकदम होतील."

ओद्दवार इतका हसला की बाकावरून घसरला. गुनवोरचे कान लाल झाले, पण तीही हसली, आणि तिला हसताना पाहून आन्फिनलाही हसावं लागलं.

त्यानंतर एकवीस वर्षं त्या घरची बीअर गुनवोरनंच केली. आन्फिन बरा झाला, चालायला लागला, खोपीत येऊन उभाही राहायचा, पण डोई त्यानं पुन्हा मागितली नाही. लोकांना मात्र तो सांगायचा, की हे सगळं आपण खिडकीतून शिकवलं. गुनवोरनं त्याला कधी खोटं पाडलं नाही. आजूबाजूच्या चार घरांतल्या बायका तिच्याकडून शिकून गेल्या, आणि त्यांच्या नवऱ्यांनीही आपापल्या खिडक्यांतून शिकवलं असणार.

एकदा शेतकी शाळेतला एक मास्तर बीअरची कृती लिहून घ्यायला आला. आन्फिननं त्याला तासभर सांगितलं. सहा पानं भरली. निघताना मास्तर पाणी प्यायला स्वयंपाकघरात डोकावला. तिथे गुनवोर दूध गाळत होती.

"बाई, तुम्हाला काही सांगायचंय का?" त्यानं विचारलं.

गुनवोरनं चरवी खाली ठेवली, थोडा विचार केला. "ओतताना हळू ओता," ती म्हणाली. "आणि आधी खिडकी लावून घ्या."

मास्तरानं सातवं पान उघडलं आणि तेही लिहून घेतलं.