दाज्यूंची सडक

शारजा परातीसारखं सपाट आहे. उंचवटा बघायचा तर फ्लायओव्हरवर जावं लागतं. अशा गावात दाज्यू रोज 'वर' जायचे आणि 'खाली' यायचे. अजमानच्या अंगाचा भाजीवाला वर होता आणि दुबईकडचा पीठवाला खाली. "भाभीजी, ऊपर से धनिया ले आया," म्हणत ते किचनमध्ये शिरले की नवीन माणूस छताकडे बघायचा. एकदा वैतागून मी विचारलं, "अहो दाज्यू, इथे कुठलं आलंय वर नि खाली?" तर शांतपणे म्हणाले, "आदमी को पता तो होना चाहिए भाभीजी, चढ रहा है कि उतर रहा है." यावर काय बोलणार, कप्पाळ!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी आणि माझा नवरा सुधीर, आम्ही शारजातल्या रोला चौकाच्या मागच्या गल्लीत डब्यांचं किचन काढलं होतं. एकटे राहणारे मराठी इंजिनिअर, नोकरी करणारी जोडपी, सगळ्यांना घरची चव हवी आणि घरी कुणाला वेळ नाही. दाज्यू आमच्याकडे स्वयंपाकी म्हणून आले. व्हिसावर नाव पदमसिंह, जिल्हा पिथौरागढ. काय हाक मारू विचारलं तर म्हणाले, "गाँव में सब दाज्यू कहते हैं." दाज्यू म्हणजे थोरला भाऊ. झालं, त्या दिवसापासून सुधीरपासून डबे पोचवणाऱ्या मलबारी ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचे ते थोरले भाऊ झाले. पुरण म्हणजे काय हे ठाऊक नसलेला हा माणूस महिन्याभरात अशी पोळी लाटायला लागला की माझ्या सासूबाईंची मागे पडावी. हे मी त्या हयात असताना बोलले नसते.

बोलणं कमी. पण गावाचा विषय काढा, की बघा. आमच्या नेहाला शाळेत 'माउंटन्स'वर प्रोजेक्ट होतं. दाज्यूंनी उरलेली कणीक स्टीलच्या ओट्यावर थापली आणि अख्खा जिल्हा उभा केला. बोटं ओढून नद्या काढल्या. "ये काली, उस पार नेपाल. ये गोरीगंगा." अगदी वर पाच चिमट्या काढून त्यांवर तांदळाची पिठी भुरभुरवली. ते पंचाचुली, पाच शिखरं. स्वर्गात जाण्याआधी पांडवांनी शेवटचा स्वयंपाक तिथल्या पाच चुलींवर केला, असं त्यांच्याकडे मानतात. "हमारे यहाँ पहाड भी चूल्हा है, भाभीजी. मैं और क्या बनता?" नेहा म्हणाली, "दाज्यू, इट लुक्स लाइक अ पिझ्झा!" त्यावर सगळ्यांत जास्त तेच हसले.

मग त्यांनी सुरीच्या पाठीने खालून वर एक नागमोडी रेघ ओढली. ती सडक. गोरीगंगेच्या अलीकडे एक हरभऱ्याची डाळ ठेवली, ते त्यांचं गाव, आणि रेघ तिथे थांबवली. "सडक यहाँ खलास." नदीच्या पलीकडे, दोन धारा, म्हणजे डोंगराच्या सोंडा, चढून गेल्यावर, अगदी उंचावर आणखी एक डाळ ठेवली. ते त्यांच्या बहिणीचं सासर. बहिणीचं नाव गोविंदी. आईबाप लवकर गेले. धाकट्या गोविंदीला दाज्यूंनीच पाठीवर घेऊन वाढवलं होतं आणि स्वतःच्या हाताने तिचं लग्न लावून दिलं होतं. त्यांचं स्वतःचं लग्न त्यात राहूनच गेलं.

तिकडे एक रीत आहे, भिटौली. चैत्र महिन्यात भावाने बहिणीच्या सासरी जायचं. घरी केलेल्या पुऱ्या, गोड पुए, साडी असं काहीबाही घेऊन. आपल्या भाऊबीजेसारखंच, पण तारीख ठरलेली नाही. महिनाभरात कधीही. त्यामुळे बाई महिनाभर वाट बघते. गवत कापता कापता, पाणी भरता भरता डोळा खालच्या पायवाटेवर. दाज्यू गल्फला येईपर्यंत दरवर्षी पाठीवर गाठोडं बांधून चढून जायचे.

आणि चैत्रात आमच्याकडे पाडवा! पुरणपोळी नि श्रीखंडाच्या ऑर्डरी, मंडळाचा कार्यक्रम, उसंत म्हणून नाही. किचनमधल्या सगळ्यांची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा शाळा बंद, बायकापोरं इंडियाला, डबे निम्म्यावर. पण तेव्हा पहाडात पाऊस. तरी मी दाज्यूंना दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं, "पाडव्याचं आम्ही बघू. तुम्ही चैत्रात जा." सुधीरने तर तिकिटासाठी फोनही फिरवला. दाज्यू हात पुसत म्हणाले, "सडक आ जाने दो, भाभीजी."

ती सडक म्हणजे आमच्या डोक्याला एक तापच होऊन बसली. दाज्यूंच्या मनाने घेतलं होतं की गल्फचा भाऊ आता गाठोडं घेऊन चढत जाणार नाही. तो जीपमधून थेट गोविंदीच्या अंगणात उतरणार. जीपमध्ये फ्रिज असणार, रंगीत टीव्ही असणार. तिच्या सासरच्यांनी लग्नात "मुलीला मागे कोण आहे?" असं काहीतरी खोचक विचारलं होतं, ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. मी म्हटलं, "अहो, तिकडे लाइट तरी आहे का?" तर म्हणे खांब आलेत, तारा यायच्यात. शाळा आली होती, मास्तर यायचा होता. दवाखाना बांधून झाला होता, त्यात डॉक्टर नव्हता, बकऱ्या बसत होत्या. गावातले पुरुष फौजेत, दिल्लीत नाहीतर आमच्यासारख्यांच्या किचनमध्ये. शेतं करायच्या बायकांनी, कड्याकपारीतून गवत आणायचं बायकांनी. हे सगळं ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगायचे.

मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांच्या भागातले काही लोक होते. शुक्रवारी दाज्यू तिथे जायचे आणि नुकतंच सुट्टीवरून कोण आलंय ते शोधून काढायचे. त्यांचा प्रश्न एकच, सडक कुठवर आली? पूल मंजूर झाला. पुलाचा एक खांब उभा राहिला. पुढे बांजाची, म्हणजे तिकडच्या ओकची, झाडं तोडायची तर जंगलखात्याची परवानगी हवी. शनिवारी सकाळी कांदे चिरता चिरता मला बातमीपत्र मिळायचं. मला माझ्या माहेरच्या रस्त्याची एवढी माहिती नव्हती.

सुरुवातीच्याच एका ऑगस्टमध्ये ते गेले आणि परत आले. मग एकदा दुधी किसताना आपणहून म्हणाले, जुना लाकडी पूल वाहून गेला होता. निरोप गेला म्हणून गोविंदी खाली नदीपर्यंत उतरून आली. हे या तीरावर, ती त्या. गोरीगंगेला पूर, त्याचा एवढा आवाज की हाक पोचत नव्हती. तिने कडेवरची मुलगी दोन्ही हातांनी उंच धरून दाखवली. यांनी भाची पहिल्यांदा पाहिली ती अशी. दुपारभर दोघं नुसती बसून राहिली, मग पाऊस आला आणि उठली. "क्या बोलती?" मी विचारलं. दाज्यू म्हणाले, "हाथ हिला रही थी." आणि पुढचा दुधी घेतला.

मग फोन आला. म्हणजे सडक जिथे संपत होती तिथल्या दुकानात फोन आला. चैत्रातल्या एका शुक्रवारी दाज्यू कार्ड घेऊन बूथवर जायचे आणि गोविंदी डोंगर उतरून त्या दुकानात येऊन बसलेली असायची. एका वर्षी मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी मुद्दाम मला बोलायला दिलं. मी म्हटलं, "दाज्यू आपके लिए फ्रिज ला रहे हैं." पलीकडे एक बारीक आवाज हसला आणि म्हणाला, "भाभी, उनको बोलो खाली हाथ आ जाएँ. इस बार ही आ जाएँ." मी शब्दन् शब्द सांगितला. दाज्यू म्हणाले, "पगली है. पुल हो गया है, अब थोडी ही बची है सडक."

पहाडाचं वेगळं राज्य झालं तेव्हा त्यांनी किचनमध्ये सगळ्यांना शिरा वाटला. "अब अपनी सरकार है. अब तो आएगी ही." सुधीर म्हणाला, "इन्शाल्ला." दाज्यूंनी तेही गंभीरपणे घेतलं आणि मान हलवली.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी, पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी किचनचा फोन वाजला. मीच उचलला. तो सडकेवरचा दुकानदार होता. मी दाज्यूंना दिला. ते पोळी लाटत होते, रिसीव्हरला पीठ लागू नये म्हणून त्यांनी तो मनगटाने धरला. "अच्छा," म्हणाले. थोड्या वेळाने परत "अच्छा." मग फोन ठेवून ओट्यापाशी गेले आणि अर्धी राहिलेली पोळी पुरी लाटली. तव्यावर टाकली. पाठ माझ्याकडे ठेवून त्यांनी सांगितलं. गवत कापायला गेलेली गोविंदी कड्यावरून पडली. जिवंत होती. डोलीत घालून चौघं तिला सडकेकडे आणत होते, तिथून गाडीने दवाखान्यात नेणार होते. शेवटची धार उतरताना गेली. तेवढ्याच धारेवर सडक यायची राहिली होती.

मी म्हटलं, "दाज्यू, आज जा. सुधीर तिकीट काढतोय." ते म्हणाले, "अब किसके पास, भाभीजी?" आणि पोळ्या करत राहिले. सगळ्या ऑर्डरी पुऱ्या केल्या. एकही पोळी फुटली नाही, एकही करपली नाही. मीच मेली कोपऱ्यात तांदळाच्या पोत्यावर बसून रडले. आपलं माणूस जाऊन हा बाबा पुरण वाटतोय, आणि आपण रडतोय, असं वाटून मला माझाच राग आला.

आम्ही वाट बघत होतो की हे कधीतरी रडतील. नाही रडले. आजारी पडले नाहीत, चिडले नाहीत. भाजीत मीठ बरोबर, भात मोकळा. फक्त वर-खाली बंद झालं. कोथिंबीर कुठून आणली विचारलं तर "उधर से" म्हणायचे. मुहैस्नाहला जाणंही थांबलं. शुक्रवारी किचन बंद असलं तरी येऊन डबे घासत बसायचे. नेहा मोठी झाली होती, ती म्हणायची, "मम्मा, ही इज लाइक ऑन म्यूट." मी तिला ओरडले, पण खोटं नव्हतं ते. त्यांच्याबरोबर काम करता करता आम्हीही हळू बोलायला लागलो होतो.

पुढच्या हिवाळ्यात दुकानदाराचा पुन्हा फोन आला. दाज्यूंनी ऐकून घेतला आणि माझ्याकडे वळून, पीठ संपलं असं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "भाभीजी, सडक आ गई. आँगन तक." सुधीर उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी व्हिसा कॅन्सल करायला सांगितला. आम्ही हादरलोच. त्यांच्या भाचीचं, कमलाचं लग्न झालं होतं. नदीपलीकडून जिला उंच धरून दाखवलं होतं, तीच. तिचं सासर गोविंदीच्या गावाच्याही वर, पुढच्या धारेपलीकडे. तिला भाऊ नाही, आणि बापाच्या गुडघ्यांनी केव्हाच राम म्हटलेला. चैत्रात तिच्याकडे कोण जाणार? सुधीर म्हणाला, "दाज्यू, महिन्याची सुट्टी घ्या, भिटौली द्या आणि परत या. नोकरी कशाला सोडता?" दाज्यू म्हणाले, "चैत तो हर साल आता है, साहब."

एअरपोर्टवर आम्ही सगळे गेलो. इतक्या वर्षांच्या गल्फनंतर माणूस खोकीच्या खोकी घेऊन निघतो, दोरखंडाने बांधलेली. दाज्यूंकडे खांद्याला अडकवायची एक बॅग होती. मी भाचीसाठी म्हणून नवा मिक्सर पॅक करून नेला होता. त्यांनी तो हातात घेतला, वजन बघितलं आणि मला परत दिला. "चढाई है, भाभीजी." मी म्हटलं, "अहो, जीपवाल्याला सांगा ना, नेईल तो वर." तर म्हणाले, "उसके यहाँ सडक नहीं है." मी विचारलं, "येणार आहे का?" दाज्यू म्हणाले, "पूछा नहीं." नेहाच्या डोक्यावर हात ठेवला, सुधीरला नमस्कार केला आणि आत गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पाडव्याला नवीन स्वयंपाकी होता. ऑर्डरी कशाबशा निघाल्या. दोन-तीन शुक्रवार मी मन आवरलं, शेवटी फोनकार्ड घेऊन बूथवर गेले आणि त्या दुकानाचा नंबर लावला. म्हटलं, निदान पोचले का ते तरी कळेल. दुकानदार म्हणाला, थांबा, आत्ताच उतरून आलेत, चहा पितायत. दाज्यू फोनवर आले. तब्येत, पाऊस, नेहाची परीक्षा, सगळं विचारून झालं. मग मी विचारलं, "कमला को मिले?"

म्हणाले, भेटली. सकाळी निघाले होते. अर्ध्या चढावर असतानाच वरून कुणीतरी हाक मारली. कमलाने त्यांना पार नदीपासून पाहिलं होतं, ते चढत होते तोवर ती शेतात उभी राहून बघत होती. मग राहवलं नाही तेव्हा धावत खाली आली.

"पैदल आदमी दूर से दिखता है, भाभीजी," दाज्यू म्हणाले. "जीप से तो किसी को क्या दिखता." मग त्यांचा आवाज थांबला. मला वाटलं लाइन गेली. मी "हॅलो, दाज्यू" करत राहिले. "गोविंदी भी ऐसे ही..." एवढंच ऐकू आलं आणि तो माणूस तिकडे, त्या दुकानात, चार लोकांसमोर हमसून हमसून रडायला लागला. मी कार्ड संपेपर्यंत रिसीव्हर कानाला लावून उभी राहिले.