उभ्या गाडीची ट्रायल

कॅम्प पाचमधला माझा मेकॅनिक गाडीशी जास्त बोलतो, माणसांशी कमी. माझी जुनी जीप सिग्नलला उभी राहिली की तापायची. त्याने बंद इंजिनाचा पंखा बोटाने ढकलला, तर तो भिंगरीसारखा फिरत राहिला. "क्लच गेला ह्याचा," एवढंच म्हणाला.

नवा फॅन क्लच बसवून त्याने पंखा पुन्हा ढकलला; आता तो जेमतेम हलून थांबला. त्याने हात पुसले आणि मला शेजारी बसवून ट्रायलला निघाला. त्याची ट्रायल नेहमी बदलापूरला, शिरगावात जाते. तिथे एका बिल्डिंगसमोर त्याने गाडी चालूच ठेवून उभी केली. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर होता, पण तो बघत होता तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीकडे.

"कोण राहतं?"

"मुलगी माझी."

"मग जाऊन या की वर."

"ट्रायल चालू आहे ना, साहेब."

मलाही घाई नव्हती. थोड्या वेळाने त्याच गॅलरीत एक बाई वाळलेले कपडे काढायला आली आणि खाली न बघता आत गेली. त्याने गियर टाकला.

महिन्याभराने मी परत गेलो. "उभी राहिली की तापते," म्हणालो. त्याने पंखा ढकलला. तो जेमतेम हलला आणि थांबला. मेकॅनिक माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हात पुसले.

"ट्रायल घ्यावी लागेल," म्हणाला.