खड्ड्यातले दौलतभाऊ

दौलतभाऊंशी बोलताना शब्द शोधत बसायची सोय नव्हती. तुम्ही वाक्याच्या मध्येच अडखळलात की पुढचा शब्द त्यांच्याकडून हजर. तोही ओठ हलल्याचा पत्ता लागू न देता, नुसत्या वाऱ्यासारख्या आवाजात. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात माझ्या बायकोला डॉक्टरांसमोर काय होतंय ते नीट सांगता येईना, तेव्हा मागच्या बाकावरून दौलतभाऊंनी "मळमळ" एवढं पुरवलं. गावात एकदा सोयरीक जुळवायला पाहुणे आले होते. मुलाचा मामा मुलाच्या नोकरीबद्दल सांगताना जरा चाचरला, तर यांनी शेजारून "कंत्राटी" असा शब्द दिला आणि सोयरीक मोडता मोडता राहिली.

लोक हसायचे, काही जण चिडायचेही. पण तो खोडसाळपणा नव्हता, सवय होती. दौलतभाऊ आमच्या गावच्या नाट्यमंडळाचे प्रॉम्प्टर होते.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, दिवाळी झाली की गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. धान कापायचं राहिलं तरी चालेल, नाटक राहून चालत नाही. रंगमंचाच्या अगदी पुढ्यात एक खड्डा खणतात. त्यात प्रॉम्प्टर नाटकाचं पुस्तक घेऊन बसतो, म्हणजे त्याचं डोकं नटांच्या पायांशी येतं. खड्ड्याला लागून वाजवणारे बसतात. मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि नाटकात ऑर्गन वाजवायचो, त्यामुळे दौलतभाऊंचा उजवा खांदा आणि माझा डावा गुडघा असा आमचा कित्येक वर्षांचा शेजार.

पण दौलतभाऊ मुळात खड्ड्यातले नव्हेत. ते वरचे होते. ढिवराच्या घरचा माणूस, सकाळी मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकायचं, दिवसा मासळी विकायची आणि हिवाळा आला की नायक व्हायचं. आवाज असा की माइक बंद पडला तर मागच्या रांगेला पत्ता लागू नये. गाणं सुरू केलं की वन्स मोअर घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. एकदा तर मरणाऱ्या बापाच्या उशाशी बसून त्यांनी एवढे वन्स मोअर घेतले की बापाचं काम करणारा उठून बसला आणि म्हणाला, "दौलत, मले मरू दे गा आता." सोबतचे नट खांबासारखे उभे राहायचे आणि दौलतभाऊ प्रेक्षकांकडे तोंड करून गात राहायचे. गर्व होता माणसाला, आणि मला वाटतं, शोभतही होता.

खर्ऱ्याने, तंबाखू-सुपारीच्या त्या मिश्रणाने, घात केला. गालात सतत खर्ऱ्याचा तोबरा असायचा, तो घशापर्यंत पोचला. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबुज. त्या हिवाळ्यात समाजमंदिरात तालीम सुरू झाली की दौलतभाऊ तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचे, गावाकडे पाठ करून. जाळंसुद्धा टाकेनात. नायकाचं काम प्रकाशकडे गेलं. हा गावातला मोटर वायंडिंगचं दुकान चालवणारा पोरगा, गळा बरा होता.

त्यातच आमचे जुने प्रॉम्प्टर मुलाकडे घुग्घुसला राहायला गेले. मंडळाची माणसं आणि मी दौलतभाऊंच्या घरी गेलो. नाटक यांना पाठ, कुजबुज तर प्रॉम्प्टरला हवीच असते. आम्हाला वाटलं, माणूस खूष होईल. ते ताडकन उठले.

"मले खड्ड्यात बसवता?" आवाज चढत नव्हता म्हणून डोळे चढले. "माह्या पायापाशी बसे तो प्रॉम्प्टर. अन् आता मी त्या पोट्ट्याच्या पायापाशी बसू?"

आम्ही चपला शोधू लागलो. तेवढ्यात आतून यशोदाबाई, त्यांची बायको, सूप हातात घेऊनच बाहेर आली. "गळा गेला तं कान बी गेले काय तुमचे? डोळे गेले काय? पाळीवर बसून पानी पाहाता, तं खड्ड्यात बसून नाटक पाहा. तसंई तुमी कधी पाह्यलं कुठी? आपल्याच गान्यात राहे."

दौलतभाऊ आले ते बायकोच्या धाकानं आले, असं आम्ही त्यांना पुढे बरीच वर्षं चिडवलं.

पहिल्याच नाटकात फजिती झाली. प्रसंग तोच, बाप वारल्याचा. प्रकाशनं बापाचा हात हातात घेतला आणि तो गप्प झाला. तालमीतच ठरलं होतं, इथे जरा थांबायचं. दौलतभाऊंना मात्र राहवेना. त्यांनी खालून वाक्य दिलं. प्रकाश दचकला आणि ते बोलून मोकळा झाला. यांनी लगेच पुढचं दिलं. त्याने तेही म्हटलं. वरचा आणि खालचा यांची जणू शर्यत लागली. बाप मेला, तेरावं झालं, मुलगा शहराला निघाला, सगळं एका दमात. बायका पदर डोळ्यांना लावायच्या बेतात होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

अंक संपल्यावर प्रकाश खड्ड्याशी आला. पोरगा रडकुंडीला आला होता. "काका, मी इसरलो नव्हतो ना. रडून राह्यलो होतो. तुमी मले रडूच नाई देल्लं."

मला वाटलं, आता हा माणूस पुस्तक फेकून उठणार. एरवी असा शब्द त्यांनी कुणाकडून ऐकून घेतला नसता. दौलतभाऊंनी हातातलं पुस्तक मिटलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, अडला कोन अन् थांबला कोन, हे शिकाचंच राह्यलं ना माह्यं."

तेव्हापासून 'शिकाचंच राह्यलं' हे त्यांचं पालुपद झालं. पण आधी त्यांनी ते खरोखर शिकून घेतलं. तालमीत पुस्तक मांडीवर उलटं ठेवून ते फक्त चेहरे बघत बसायचे. बाजारात मासळी विकतानाही गिऱ्हाईक बोलता बोलता गप्प झालं की हे त्याच्या डोळ्यांत बघत राहायचे, आणि बाया बिचाऱ्या संकोचून पुढच्या टोपलीकडे जायच्या. एक दिवस मला आनंदानं सांगू लागले, "गावलं गुरुजी. अडलेल्याचे डोळे भटकतेत. थांबलेल्याचे एका जागी राह्यतेत. अडला त्याले शब्द द्याचा, थांबला त्याले टाइम द्याचा. इतके साल नाटक केलं जी, पर सामोरच्याच्या डोळ्यात कधी पाह्यलंच नाई मी."

पुढच्या हंगामात खरी परीक्षा झाली. मंडळानं दौलतभाऊंचं गाजलेलं नाटक पुन्हा काढलं. त्यातलं विरहाचं गाणं म्हणजे दौलतभाऊच, असं अख्ख्या पंचक्रोशीत समीकरण होतं. प्रकाश गायला उभा राहिला तसे मागून म्हातारे ओरडले, "दौलतले बोलवा! हे गानं दौलतचं हाय!" पोराचे पाय मागे सरकताना मला दिसत होते, कारण ते माझ्या नाकासमोरच होते. पहिलं कडवं त्याने कसंबसं ओढलं. दुसऱ्याच्या तोंडाशी गप्प. डोळे कनातीवर, दिव्यावर, लोकांवर, सगळीकडे फिरू लागले.

मी एकच सूर धरून ठेवला आणि शेजारी बघितलं. दौलतभाऊंच्या मनात काय चाललं असेल ते ओळखायला ज्योतिषी नको होता. नुसतं गप्प बसायचं होतं. पोरगा पडला असता आणि गाणं कायमचं दौलतचं राहिलं असतं. कुणी दोषही दिला नसता, गळा गेलेल्या माणसाला कोण बोलणार? त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्या क्षणी मला त्यांची भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

मग त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि ठेका देऊ लागला. मान वर करून, प्रकाशच्या डोळ्यांत बघत, त्यांनी दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द दिला. मग दुसरा. ओळ पुरी झाल्यावर प्रकाशचे डोळे स्थिरावले, आणि दौलतभाऊ थांबले. पुढचं त्याचं त्यानं म्हटलं. आवाज दौलतभाऊंचा नव्हता, पण गाणं लागलं.  संपल्यावर त्याच म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटत वन्स मोअर दिला.

दौलतभाऊंच्या डोळ्यांना धार लागली होती. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो तर म्हणाले, "दुखून नाई राह्यलं जी. वर होतो तवा टाळ्या नुसत्या घेतल्या, आयकल्या कुठी? आज आयकून राह्यलो."

त्यानंतर त्यांना कशाचंच ओझं वाटेनासं झालं. यशोदाबाईचा हात मोडला आणि चूल यांच्याकडे आली, तेव्हा भाताचा लगदा माझ्यापुढे वाढून म्हणाले, "शिकाचंच राह्यलं होतं हे." आतून आवाज आला, "तुमचं सारंच शिकाचं राह्यलं हाय!" तलावात बेशरमाची झुडपं माजली आणि मासळी घटली, तर पोरांना घेऊन कमरेएवढ्या पाण्यात ती उपटायला उतरले, पालुपद तेच. मला या बोलण्याचा कधी कधी संतापही यायचा. माझ्या ऑर्गनच्या जागी मंडळानं कीबोर्डवाला आणला, तेव्हा मी तोंड फुगवून घरी बसलो होतो. दौलतभाऊ आले, चहा प्यायले, आणि जाताना दारातून म्हणाले, "प्रेक्षकात बसून नाटक पाहाचं शिकाचं राह्यलं ना तुमचं? या उद्या, जागा धरून ठेवतो." मी मुळीच जाणार नव्हतो. गेलो, आणि नाटक बरं निघालं.

दुखणं पुन्हा उलटलं तेव्हा कुजबुजही गेली. शेवटच्या भेटीत प्रकाश त्यांच्या उशाशी बसून होता. दौलतभाऊ ओठ हलवायचे, आणि तो ते वाचून आम्हाला शब्द द्यायचा. माझ्याकडे बघून ते काहीतरी पुटपुटले.  प्रकाश मान खाली घालून म्हणाला, "काका म्हन्तेत, मराचं तेवढं शिकाचं राह्यलं होतं." यशोदाबाई त्यांचे पाय दाबत राहिली. चार दिवसांनी ते गेले.

शोकसभा समाजमंदिरातच झाली, जिथे तालमी व्हायच्या तिथेच. सगळ्यात जास्त शेजार माझा, म्हणून बोलायला मला उभं केलं. मी बरंच काही ठरवून गेलो होतो. सुरुवात केली, "दौलतभाऊंनी आपल्याला..." आणि पुढे बोलवेना. समोर त्यांचा फोटो होता, नायकाच्या वेशातला, फेटा बांधलेला. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. सभेत चुळबुळ झाली. मागून कुणी "हसवलं" म्हणालं, कुणी "शिकवलं" म्हणालं. अध्यक्ष पाण्याचा पेला घेऊन पुढे आले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून प्रकाशचा आवाज आला, अगदी हळू, ओठ हलल्याचा पत्ता लागू न देता.

"कोनी काई देऊ नका. गुरुजी अडले नाईत. थांबले हायेत."

अध्यक्ष पेल्यासकट परत जागेवर जाऊन बसले. मला हवा होता तेवढा वेळ त्या लोकांनी मला दिला.