नजरचुकीने

सहा माणसं हसली. सातवा मी.

पंचायतीच्या कचेरीत उभा होतो. शेजारी बायको, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. खुर्च्या सहा. पाचांवर गावातली वजनदार माणसं आणि सहावीवर त्यांच्यातल्या कोणाचं तरी हेल्मेट. ते ऐसपैस बसलं होतं.

टेबलामागे ग्रामसेवक. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. घाटावरून बदली होऊन आलेले, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान.

"काय झालं ते थोडक्यात सांग."

आमच्याकडे घरात मालवणी आणि कचेरीत मराठी. मी बाहेरच्या बाकावर बसून वाक्य पाठ केलं होतं. पण घाबरलो की माझी मराठी अर्ध्या वाटेत पंक्चर होते. मी म्हणालो, "साहेब, खड्डो दिसलो नाही."

"कोणाला?" भाऊसाहेब म्हणाले. "खड्ड्याला तू दिसला नाहीस?"

झालं. एकाला तर ठसकाच लागला. त्या सहांतले पाच जण घरी खड्ड्याला 'खड्डो'च म्हणतात. त्यांच्या आयाही तेच म्हणतात. पण हसले. आणि मी? मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसलो.

हा किस्सा मी गणपतीत, बारशाला, मेहुण्याच्या साखरपुड्याला, जमेल तिथे सांगितलाय. भाऊसाहेबांचा आवाज काढून. भाच्या पोट धरून हसतात, "मामा, परत सांगा." मी परत सांगतो आणि ठसक्यापाशी थांबतो. त्याच्या मागचं आणि पुढचं तिथे कधी सांगितलं नाही.

मागचं असं. वीस वर्षं मी रिक्षा चालवतो. स्टँडवर फुशारक्या मारायचो की डोळे बांधा, तरी मालवणला जाऊन येतो. श्रावणातली दुपार. पाऊस उघडलेला, ऊन पडलेलं. बायकोला तिच्या माहेरी सोडायला निघालो होतो. वळणावर नळाच्या पाइपासाठी पंचायतीने आदल्या दिवशी रस्ता खणलेला. दोरी नाही, पाटी नाही, दगडसुद्धा ठेवलेला नाही. रात्रभरच्या पावसाने तो खड्डा काठोकाठ भरून रस्त्याच्या पातळीला आला होता. लाल रस्ता, लाल पाणी. त्यात एक ढग होता, एवढंच आठवतं. पुढचं चाक त्या ढगात गेलं.

आवाज फारसा झाला नाही. पाण्याने गिळला. बायको ओरडलीही नाही, नुसतं "ओ" म्हणाली, कोणी दारातून हाक मारावी आणि हिने उत्तर द्यावं तसं. मागे वळून बघितलं तर तिचा हात धरायच्या दांडीतच होता, पण मनगट भलतीकडे बघत होतं.

ते "ओ" गेलेलं नाही. घरात कोणी कोणाला हाक मारली, कोणी ओ दिली, की माझ्या हातातली वस्तू खाली पडते. दोन कप फुटले. बायको म्हणते, "आता स्टीलचे आणा."

पुढचं असं. हसून झाल्यावर भाऊसाहेब मायेने म्हणाले, "असू दे, मी नीट मराठीत लिहून देतो. सही कर, विम्यासाठी दाखला देतो." त्यांनी जबाब लिहिला. अक्षर सुंदर. 'माझ्या नजरचुकीने सदर खड्डा न दिसल्याने वाहनाचे नुकसान झाले.' वाचून मला चक्क बरं वाटलं. सदर! माझ्या तोंडी सदर! माझा खड्डा एकदम शिकलेला वाटायला लागला. मी पेन उघडलं.

बायकोने डाव्या हाताने कागद ओढला. दहावीपर्यंत शिकलीय, माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त. सावकाश वाचलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मालवणीत विचारलं, "ह्यो 'नजरचुकीने' खंयसून इलो? तुमी तर ह्यां बोलूक नाय."

"वहिनी, कुठून येणार? लिहायची पद्धत असते ती," भाऊसाहेब म्हणाले.

"पद्धत ऱ्हवांदे. नजर कोणाची चुकली? ह्येंची काय तुमची?"

कोणी हसलं नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुमी कित्याक हसलात?"

चाळिशी उलटलेला माणूस, दोन पोरींचा बाप, बायकोचा मोडलेला हात शेजारी असताना स्वतःवरच दात काढतो. कशासाठी? साहेबाला बरं वाटावं म्हणून. आयुष्यभर हेच केलं. मी विनोदी आहे म्हणतात सगळे. विनोदी नाही, मी आधीच वाकून ठेवतो, म्हणजे कोणाला वाकवायचे कष्ट नकोत.

पेन बंद केलं. "ह्यो शब्द काढा."

"शब्द काढला तर दाखला नाही."

"नको."

घरी येऊन अर्ज लिहिला, मालवणीत. लेक म्हणाली, "बाबा, चलात मा असा?" म्हटलं, चलवूया. दुसऱ्या दिवशी सकाळी माप घ्यायला टेप घेऊन वळणावर गेलो. खड्डा नव्हता. दगड भरून, वर खडी पसरून, रोलर फिरवलेला. तिथून हातात टेप धरून तसाच कचेरीत गेलो.

भाऊसाहेबांनी अर्ज वाचला. "कुठला खड्डा? चल, दाखव मला. आणि काम ठेकेदाराचं. पाऊस देवाचा. आम्ही काय करणार?"

या वेळी पाठ केलेलं काही नव्हतं, म्हणून अडखळलो नाही.

"काल दुपारपर्यंत होतो. रातीत कोणी बुजवल्यान? ज्येना बुजवल्यान, त्येचोच खड्डो. त्येचा नाव लिवन द्या."

भाऊसाहेबांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. मग हळू आवाजात म्हणाले, "माणुसकी म्हणून थोडीफार मदत मिळवून देतो. विषय वाढवू नकोस."

"माणुसकी नको. पोच द्या. शिक्को मारून."

शिक्का मिळाला नाही. मी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. तालुक्याला पाठवला. जिल्ह्याला पाठवला. प्रत्येकात एकच प्रश्न: बुजवायचा हुकूम कोणी दिला?

वळण आता गुळगुळीत आहे. मित्राची रिक्षा चालवतो, आणि तिथे आल्यावर हात आपोआप हँडल उजवीकडे घेतात. नसलेल्या खड्ड्याला वळसा. माणसं विचारतात, "काय रे, थंय काय आसा?" मी सांगतो: तिथे पंचायतीचा खड्डा आहे. माझ्या बायकोचा हात त्यात मोडला. प्रत्येक फेरीला सांगतो, प्रत्येक माणसाला.

बायकोचं मनगट पुरतं वळत नाही. माझी रिक्षा अंगणात ताडपत्रीखाली गंजतेय. विमा दाखल्यावाचून अडलाय, दाखला सहीवाचून. गंजू दे. त्या शब्दाखाली माझी सही होणार नाही.