चावरा साप

परदेशात, तोआ पायोह नावाच्या वस्तीत, आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मरीन इंजिनिअर राहायचे. त्यांचा मुलगा वारला आणि तिथे साप पाळायला बंदी असताना त्याने चोरून पाळलेला बिनविषारी साप त्यांच्याकडे उरला.

एकदा माझ्यासमोर त्यांनी बाजूने हात नेऊन त्याला पोटाखालून अलगद उचललं. साप कचकन चावला. त्यांनी हात हलवला नाही.

“काका, रक्त येतंय!”

“येऊ दे. घाबरलाय तो. हात मागे घेतला, तर चावलं की माणूस दूर जातो, हेच शिकेल.” मग हळूच म्हणाले, “पोरगाही अंगावर यायचा. तेव्हा मी हात मागे घेतला.”

पुढे साप चावेनासा झाला. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः फोन करून तो प्राणी सांभाळणाऱ्या सरकारी माणसांच्या हवाली केला.

“आता त्याला कुणीही उचलून घेईल,” एवढंच म्हणाले आणि सापाची रिकामी पेटी पुसत बसले.