मुठीचं माप

उंब्रजला हायवेलगत एक लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून सुऱ्या बनवतो. प्रत्येक पाटा ठोकून कानाशी नेतो. काय ऐकतो, मला अजून कळलेलं नाही. "चमकतंय त्ये नगं. ह्ये गंजंल, पर धार धरंल." मूठ बाभळीची, तीही चिरणाऱ्याच्या हाताच्या मापाची.

मी बायकोसाठी सुरी मागितली, तर म्हणाला, "वयनींचा हात कागदावर काढून आणा."

बायकोला कागदावर हात ठेव म्हणायची मला लाज वाटली. मी माझाच हात काढून नेला.

त्यानं कागद माझ्या पंजावर धरला. बोटाला बोट जुळलं. तो हसला नाही. मूठ तासायला घेत म्हणाला, "आवं, मग चिरनार तुमीच म्हना की."

ती मूठ बायकोच्या हातात बसत नाही. तीन महिने कांदा मीच चिरतोय.