काकांनी स्वतः लावलेला एसी

माझ्या मावशीच्या यजमानांनी आयुष्यात एकाही मेकॅनिकला घराचा उंबरा ओलांडू दिला नाही, असं मी लिहिलं तर ते फार खोटं होणार नाही. एकदाच ओलांडू दिला, आणि त्याबद्दलच मला सांगायचं आहे. मी त्यांना काका म्हणते. तारनाक्याला त्यांच्याकडे राहून मी बी.कॉम. करते. काका चौतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते आणि निवृत्त झाल्यावर तो कारखाना त्यांनी घरी आणला, असं मावशी म्हणते. मिक्सर, गिझर, शिलाई मशीन, शेजाऱ्यांची सायकल, काहीही उघडायला ते तयार असतात. पण त्यांची खरी ख्याती आवळण्यात आहे. त्यांनी दुरुस्त केलेला स्वयंपाकघरातला नळ गळत नाही, कारण तो त्यांच्याशिवाय कोणाला उघडतच नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकणही तसंच. एकदा पाहुणे पानावर बसले होते आणि काका बेगम बाजारात गेले होते. ते येईपर्यंत पाहुण्यांनी वरणभात नुसताच खाल्ला. आल्यावर काकांनी एका झटक्यात झाकण काढलं आणि म्हणाले, "ढिलं काम मला जमत नाही."

मागच्या उन्हाळ्यात भाकरी थापता थापता मावशी चक्कर येऊन ओट्यापाशीच खाली बसली. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. डॉक्टरांनी सांगितलं, यांना दुपारी गारव्यात ठेवा, पुन्हा असं होऊ देऊ नका. त्या दिवसापासून काका मावशीला रोज एकच वाक्य सांगत, "पुढचा उन्हाळा तुला गार जाईल." आणि खरोखर मार्च लागताच त्यांनी एक साधासा स्प्लिट एसी आणला. दुकानदार म्हणाला, लावायला आमचा माणूस येईल. काका म्हणाले, "आमच्या घरात आहे माणूस."

तरी ते उतावळे नव्हेत. लावावा की लावून घ्यावा, यावर त्यांनी दहा-बारा दिवस विचार केला. वहीत एका बाजूला 'मेकॅनिक' आणि दुसऱ्या बाजूला 'आपण' असं लिहिलं. मेकॅनिकच्या खाली 'लवकर होतं' एवढंच होतं. आपणच्या खाली 'नीट होतं'. मग त्यांनी एसीच्या मापाचा पुठ्ठा कापून भिंतीवर टांगला, जागा बरोबर आहे का ते पाहायला. मावशी आठवडाभर त्या पुठ्ठ्याखाली पंखा लावून झोपली. "ह्याची हवा चांगली येते हो," ती म्हणाली. "हाच राहू द्या."

एसीबरोबरचं पुस्तक इंग्रजीत होतं. आमच्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे इंग्रजीत छापलेलं सगळं मला कळतं असा घरात समज आहे. मला कळत नाही, पण तसं सांगायचं धाडसही होत नाही. शेजारी डिक्शनरी ठेवून मी वाचत गेले.

"काका, इथं लिहिलंय, तांब्याच्या पाइपाचा नट ठरावीक जोरानंच आवळायचा. त्याला जोर मोजणारा वेगळा पाना असतो."

"हौ. पुढं वाच."

"जास्त आवळला तर तांबं चिरतं म्हणे."

"बेटा, माझ्या नटांवर आख्ख्या गाड्या गेल्या. एक तरी घसरली का?"

ती ओळ ठळक अक्षरांत होती. मी पुन्हा वाचायला हवी होती. पण चौतीस वर्षांपुढे माझं सेकंड इयर फारच छोटं वाटलं, आणि मी पान उलटलं.

बाकी काम मात्र बघण्यासारखं झालं. भिंतीचं भोक पाणी निथळावं म्हणून बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं, पाणसळ लावून एसी टांगायची पट्टी अगदी सरळ, पाइपातली हवा काढायचा पंपसुद्धा आबिड्सच्या एका दुकानातून भाड्यानं आणलेला. शेवटी काकांनी दोन्ही हातांनी, दात आवळून नट आवळले. साबणाचा फेस लावून गॅसची गळती बघायची राहिली, कारण स्वतःच्या हातावर संशय घेणं त्यांना अपमानाचं वाटलं.

दोन दिवस खोलीत अगदी गार झालं. मावशी शाल घेऊन झोपली आणि काका कॉलनीभर फिरून आले. तिसऱ्या दिवशी एसी नुसता वारा घालू लागला. मी काही बोलणार, तोच मावशीनं मला डोळ्यांनी दटावलं आणि शाल आणखी घट्ट गुंडाळली. "किती गारठा सोडलाय यांनी," ती म्हणाली. तिच्या कानामागून घामाची धार वाहत होती. काका बराच वेळ त्या धारेकडे पाहत उभे राहिले. मग हातातली वही मिटून मला म्हणाले, "दुकानाला फोन लाव. माणूस पाठवा म्हणावं."

"काका, ती ओळ मी पुन्हा वाचायला हवी होती."

"तू वाचलीस. मी ऐकली नाही."

मेकॅनिक काकांपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असेल. त्यानं सगळं काम फिरून फिरून पाहिलं. "चच्चा, फिटिंग तो एकदम मस्त है," तो म्हणाला. "मगर नट इतने टाइट कायकू करे? ताँबा है, रेल की पटरी नहीं."

"आदत है," काका म्हणाले आणि त्याच्यासाठी चहा टाकायला स्वतः आत गेले.

त्यानं पाइपाचं चिरलेलं टोक कापून नवं केलं, गॅस भरला, आणि पुस्तकातला तो जोर मोजणारा लांब दांड्याचा पाना लावून नट फिरवला. पान्यानं टक् आवाज केला, तसा त्याचा हात थांबला.

"बस? इतनाच?" काकांनी विचारलं.

"इतनाच, चच्चा."

आता दुपारी मावशी गारव्यात शांत झोपते. काका तिच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसतात. कधी कधी त्यांचा उजवा हात गुडघ्यावर नुसता पडलेला असतो, आणि मग बोटं आपोआप वळू लागतात, जणू काही धरलंय. थोडी वळतात आणि मध्येच थांबतात. पुन्हा वळतात, पुन्हा तिथंच थांबतात. त्यांना वाटतं मी अभ्यास करते आहे. मीही पुस्तकातून मान वर काढत नाही.